बिल्लो कोणाचो?

बाबी धुरींबद्दल लिहायचं मी चाळीस वर्षं टाळत आलो आहे. मध्ये कंपनीतल्या जुन्या मंडळींनी एक स्मरणिका काढली. माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी कँटीनच्या बटाटावड्यावर लिहून दिलं. लोकांना आवडलं. वड्याला माझ्याविषयी काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे लिहायलाही सोपं गेलं. आता बहात्तरावं सरत आलंय. ज्यांच्यासमोर लाज वाटावी अशी माणसंही फारशी उरलेली नाहीत. तेव्हा सांगून टाकतो.

बाबीकाका फुटबॉलच्या मॅचनंतर गाऱ्हाणं घालायचे.

कोकणातल्या माणसाला हे वाक्य वाचूनच हसू येईल. इतरांसाठी थोडं सांगायला हवं. गाऱ्हाणं घालतात ते देवळात. गावच्या वतीने एक जाणता माणूस देवापुढे उभा राहतो, आमचं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल म्हणतो, आणि त्याच्या दर वाक्याला मागचे सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बोलणारा एक, कबुली सगळ्यांची. बाबीकाका हेच सगळं देवाऐवजी समोरच्या टीमच्या प्रेक्षकांपुढे करायचे. शेवटची शिट्टी झाली की ते चपला काढायचे, डोक्यावरची टोपी काखेत मारायचे, आम्हाला मागे घ्यायचे आणि मैदान ओलांडून पलीकडच्या लोकांसमोर हात जोडून उभे राहायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते घाटकोपरच्या एका टीमबरोबरच्या मॅचनंतर. आम्ही दोन गोलनी हरलो होतो. हरलेल्यांची तीस-चाळीस माणसं आणि त्यांच्या पुढे एक अनवाणी म्हातारा, अशी वरात आपल्या दिशेने येताना पाहून घाटकोपरवाल्यांनी घडीच्या खुर्च्या उचलल्या. बाबीकाका त्यांच्यापासून पाच पावलांवर थांबले आणि डोळे मिटून खणखणीत आवाजात सुरू झाले.

“बा म्हाराजा, आज ह्या मैदानावर माझ्या लेकरांच्या तोंडातून काय वायट-वंगाळ गेला आसात...”

“व्हय म्हाराजा,” आम्ही.

“तुमच्या सेंटर फॉरवर्डाक कोणी बेडूक म्हणालो आसात...”

“व्हय म्हाराजा.”

“तर ता पोटात घाला, आणि तेच्या पायाक बळ येवंदे. आमच्याविरुद्ध सोडून.”

“व्हय म्हाराजा.”

खुर्च्या खाली आल्या. त्यांच्यातल्या एकाला मात्र ही करणी असावी असा संशय होता. त्याने सेंटर फॉरवर्डला घरी जाऊन मीठमोहरीने दृष्ट काढून घ्यायला सांगितलं.

आमची कंपनी विक्रोळीत होती आणि मैदान कंपनीच्या भिंतीला लागून. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला खाडी. वारा खाडीकडून सुटला की बॉल आणि वास दोन्ही आमच्याच गोलकडे यायचे. मी कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात नवा कारकून लागलो होतो. राहायला घाटकोपरला, आईवडिलांजवळ. फुटबॉलशी माझा संबंध असा काहीच नव्हता. पण कंपनीत मॅच बघायला न जाणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघायचे, म्हणून जाऊ लागलो आणि हळूहळू इतरांपेक्षा मोठ्याने ओरडू लागलो.

बाबीकाका टूल-रूमच्या खिडकीवर होते. तिथली पद्धत सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. प्रत्येक कामगाराकडे नंबर कोरलेले पितळी बिल्ले असत. टूल-रूममधून पाना घ्या, करवत घ्या, आपला एक बिल्ला खिडकीत द्यायचा. बाबीकाका तो त्या हत्याराच्या रिकाम्या खुंटीवर टांगणार. हत्यार परत आलं की बिल्ला परत. हत्यार हरवलं, तर खुंटीवर ज्याचा बिल्ला तो जबाबदार. त्याच्याकडून दुसऱ्याने नेलं, दुसऱ्याकडून तिसऱ्याने नेलं, या कथा खिडकीवर चालत नसत.

तीस वर्षं त्या खिडकीत बसून बाबीकाकांना सगळं जग खुंट्यांचं दिसायला लागलं होतं. कँटीनमध्ये उष्टा ग्लास दिसला की “बिल्लो कोणाचो?” कॉलनीत नळ वाहता राहिला की “बिल्लो कोणाचो?” आमच्या एका फिटरच्या लग्नात भटजी मंत्र विसरून भलत्याच संस्कारात शिरला, तेव्हाही अक्षता मुठीत धरून ते तेच पुटपुटले. मॅच संपल्यावर गाऱ्हाण्याआधी आम्हाला घोळक्यात उभं करून ते हाच प्रश्न विचारायचे. ज्याने शिवी घातली असेल त्याने हात वर करायचा आणि गाऱ्हाण्यात पुढे उभं राहायचं. कोणी हात वर केला नाही, तर बाबीकाका क्षणभर वाट पाहायचे आणि म्हणायचे, “मगे माझो टांगा.”

प्रेस शॉपच्या दळवीचा हात कायम वर असे. दळवी हा आमच्या बाजूचा लाउडस्पीकर. त्याचा घसा असा, की हायवेवरचे ट्रक हॉर्न समजून बाजूला व्हायचे. त्याने एकदा वैतागून बाबीकाकांना विचारलं, की शिव्या आम्ही देतो, तुम्ही तर तोंडातून अक्षर काढत नाही, मग माफी तुम्ही का मागायची? बाबीकाकांनी त्याला उलट विचारलं, की देवळात गाऱ्हाणं घालणारा काय एकटाच पापी असतो? दळवीला ते पटलं. पण पुढच्या मॅचला पुन्हा घसा साफ करून आला.

या दळवीनेच एकदा रेफरीच्या आईचा उद्धार केला. रेफरी म्हणजे विलेपार्ल्याचे एक शाळामास्तर. मॅच संपताच ते स्कूटरला किक मारून निघून गेले आणि गाऱ्हाणं राहून गेलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघू पुढच्या वेळी. बाबीकाका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, दळवीचं बखोट धरून पार्ल्याला गेले. मास्तर बाहेर गेले होते. दार त्यांच्या आईने उघडलं. बाबीकाका म्हणाले, बरं झालं, माफी तुमचीच मागायची आहे. आजींनी विचारलं, कशाबद्दल?

आता ती शिवी पार्ल्यातल्या त्या घरात, समोर समई दिसत असताना, उच्चारायची कशी? दळवी सांगायचा, की काकांनी आधी समईला हात जोडले. मग म्हणाले, “मॅचीत आमच्या ह्या झिलान तुमची आठवण काढल्यान. पण बरी नाय काढल्यान.”

आजींनी दळवीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “फार मोठ्याने काढली का रे?”

“खाडीपर्यंत गेली,” दळवी म्हणाला.

आजींनी दोघांना आत बसवून चहा-बिस्किटं दिली. निघताना दळवीला सांगितलं, पुन्हा आठवण आली तर सरळ घरी येत जा. दळवीने पुढे आयुष्यभर शिव्या दिल्या, पण आई या विषयाला परत कधी हात लावला नाही. पुढच्या मॅचला त्याच मास्तरांनी आमच्याविरुद्ध दोन पेनल्ट्या दिल्या. आम्ही भडकलो. बाबीकाका मात्र खूश होते. माणूस सरळ आहे, म्हणाले.

त्यांची बायको आणि दोन मुली गावी, मालवणकडे. इथे कॉलनीतल्या एका खोलीत ते एकटे राहायचे. रोज संध्याकाळी पाळी संपली की मैदानाच्या कडेला उकिडवे बसून प्रॅक्टिस बघायचे. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला सोलकढी चालत नाही, कोणाच्या घरी बायकोशी अबोला आहे, हे त्यांना कोचपेक्षा जास्त माहीत असायचं. हाफ टाइमला लिंबाच्या फोडींचं ताट घेऊन ते आधी समोरच्या टीमकडे जायचे, मग आपल्यांकडे. आपल्या पोरांना फोडी कमी पडायच्या. ते म्हणायचे, पाहुण्यांचं तोंड गोड नाही, तर आंबट तरी करूया.

आता डब्याची गोष्ट. मॅचला वाजवायला म्हणून मी डालड्याचा एक रिकामा डबा मिळवला आणि त्यात टाकायला बोल्टाचे लोखंडी नट मागायला टूल-रूमच्या खिडकीवर गेलो. बाबीकाकांनी विचारलं, किती? मी म्हटलं, अकरा. खेळगडी अकरा म्हणून नट अकरा, हा हिशोब त्यांना फार पटला. पाऊण इंची, चांगले वजनदार नट त्यांनी मोजून दिले. टूल-रूमच्या प्रत्येक वस्तूवर असायचा तसा हिरव्या रंगाचा ठिपका त्यांच्यावर होता. मग खिडकीतून हात बाहेर आला.

“बिल्लो?”

मी म्हटलं, “बाबीकाका, मी स्टाफचा. आम्हाला बिल्ला नसतो.”

त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण बिल्ल्याशिवाय वस्तू बाहेर गेली असं त्या खिडकीत कधी घडलं नव्हतं. ते मागे रिकाम्या खुंटीकडे बघत राहिले, मग स्वतःच्या खिशात हात घातला, आणि स्वतःचा बिल्ला, नंबर चारशे बारा, त्या खुंटीवर टांगला. म्हणाले, “जावा, टायमसाहेब. वाजवा.”

मला ते सदैव टायमसाहेब म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. मी त्यांचा मुलगा शोभेन अशा वयाचा होतो.

त्या मोसमातली मुलुंडच्या टीमशी झालेली मॅच. आम्ही एका गोलने मागे होतो आणि पाचच मिनिटं उरलेली. मुलुंडचा गोलकीपर जोसेफ, सहा फुटांच्या वर उंच, बॉल पोटाशी धरून बसला होता. पायात पेटका आलाय म्हणून. उठायचा, लंगडायचा, पुन्हा बसायचा. एकदा तर आमच्याकडे बघून डोळा मारला. मी आमच्या लोकांच्या मागच्या रांगेत, गोलच्या अगदी जवळ होतो. वाजवून वाजवून डब्याचं झाकण निघालं होतं.

चुकून सुटला, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. मी डब्यातून एक नट काढला, नेम धरला आणि मारला. लागेल असं वाटलं नव्हतं एवढंच खरं. शाळेत असताना मला साधी चिंच कधी पाडता आली नव्हती.

जोसेफची भुवई फुटली. तो हात चेहऱ्यावर धरून गुडघ्यांवर बसला आणि बोटांतून रक्त आलं. मॅच थांबली. सगळ्यात आधी त्याच्यापाशी पोचले ते बाबीकाका. पलीकडच्या बाजूला लिंबाचं ताट घेऊन उभे होते, ते तसेच धावले. त्यांनी टोपी काढून जखमेवर दाबली. मग जोसेफच्या बुटाजवळ पडलेलं काहीतरी उचललं, तळहातावर पाहिलं आणि मूठ मिटली.

मी त्यांना ते पाहताना पाहिलं. हिरवा ठिपका त्यांना दिसला, हे मला दिसलं.

ते आमच्याकडे आले. प्रश्न नेहमीचाच, आवाज मात्र अगदी हळू होता. “बिल्लो कोणाचो?”

सगळ्यांनी दळवीकडे पाहिलं. मीही पाहिलं. दळवीने आईची शपथ घेतली, आणि त्याने आईची शपथ कधी खोटी घेतली नसती. हात कोणाचाच वर झाला नाही. बाबीकाकांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यावर इतरांपेक्षा जास्त वेळ थांबली असं म्हणणार नाही. उलट माझ्यावर ती थांबलीच नाही.

स्पर्धेचे सेक्रेटरी तोवर वही घेऊन आले होते. बँकेत कामाला असलेले शिस्तीचे गृहस्थ, कारखान्याची रीत त्यांना ठाऊक नसणार. त्यांनी विचारलं, कोणी मारलं? बाबीकाका म्हणाले, “बिल्लो माझो आसा.”

सेक्रेटरींना काही कळलं नाही. त्यांनी दळवीला अर्थ विचारला. दळवी गोंधळून म्हणाला, म्हणजे जबाबदारी त्यांची, असं म्हणतायत. सेक्रेटरींनी तो कबुलीजबाब धरला आणि वहीत काकांच्या कागदोपत्री नावाने लिहिलं: विष्णू धुरी, दोन मोसम मैदानात प्रवेशबंदी.

बाबीकाका खोटं बोलले नव्हते. त्या अकरा नटांच्या खुंटीवर खरोखरच त्यांचा बिल्ला टांगलेला होता. या गैरसमजाचा सगळा उलगडा त्यांच्याखेरीज तिथे एकट्या मला होत होता, आणि त्यामागे मी लपलो. नोकरीत कायम व्हायला मला चार महिने बाकी होते. कायम झालो की सांगू, असं ठरवलं. डबा घरी नेऊन माळ्यावर टाकला.

मी कायम झालो. सांगितलं नाही.

पुढचा मोसम बाबीकाकांनी भिंतीबाहेर काढला. मैदानाच्या फाटकाशी उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ होतं. त्याच्या बाकड्यावर बसून ते आवाजावरून मॅच बघायचे. आरडाओरड उठली की गुऱ्हाळवाल्याला सांगायचे, हा कॉर्नर, ही फाउल. गोल कोणाचा झाला हे त्यांना ओरडण्याच्या आधीच्या शांततेवरून कळायचं. मॅच सुटली की ते चपला काढून फाटकापाशी उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांना तिथेच गाऱ्हाणं घालायचे. आम्ही आतून येत येत ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. मी म्हणायचो नाही. ओठ हलवायचो.

आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी एका रविवारी ते मुलुंडला जोसेफच्या घरी जायचे. पहिल्यांदा गेले ते सुके बांगडे आणि कोकमं घेऊन. जोसेफच्या बायकोने दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा बांगडे ठेवून घेतले. तिसऱ्यांदा जेवायला थांबवलं. वर्षभरात असं झालं की जोसेफच त्यांच्या खोलीवर येऊ लागला, आणि कॉलनीतली माणसं बघत राहायची, की हा मुलुंडचा गोलकीपर आमच्या बाबीकाकांच्या दारात कोलंबी सोलत कसा बसलाय.

जोसेफच सेक्रेटरींकडे गेला. म्हणाला, नट माझ्या उजव्या बाजूने आला आणि हा म्हातारा डाव्या बाजूला लिंबू घेऊन उभा होता, तो कसा मारेल? सेक्रेटरींना पटलं. पण ते म्हणाले, वहीत नाव आहे, खोडायचं तर दुसरं नाव द्या. खरा माणूस पुढे येऊ दे, मी आजच्या आज बंदी उठवतो.

तेव्हा आमची टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. कॅप्टनने कँटीनच्या फळ्यावर नोटीस लावायचं ठरवलं. ज्याने कोणी नट मारला असेल त्याने पुढे यावं, कोणी काही बोलणार नाही, बाबीकाकांना फायनल बघू द्या, एवढाच मजकूर. नोटीस टाइप करायला माझ्याकडे आली. टाइम ऑफिसात चांगलं टायपिंग माझंच होतं. मी ती दोन प्रतींत, एकही चूक न करता टाइप केली. आठ दिवस ती फळ्यावर होती. आठही दिवस मी तिच्यासमोर बसून जेवलो.

फायनल आम्ही जिंकलो. शेवटच्या गोलला सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते, तेव्हा माझं लक्ष फाटकाकडच्या भिंतीकडे गेलं. भिंतीवर एक डोकं दिसत होतं. उजव्या भुवईवर वण. जोसेफ गुऱ्हाळाच्या बाकड्यावर उभा राहून आत बघत होता आणि खाली तोंड करून कोणाला तरी सांगत होता. त्याची टीम कधीच बाहेर पडली होती. तो आला होता तो बाबीकाकांचे डोळे व्हायला. मी भिंतीजवळ गेलो तर त्याचा आवाज ऐकू आला.

“काका, जितला यार तुम्ही. झकास गोल. सगळे नाचतायत.”

भिंतीपलीकडून बाबीकाकांनी काहीतरी विचारलं. जोसेफने मैदानावर नजर फिरवली.

“नाय काका, कोण काय फेकत नाय. सगळे चांगले आहेत.”

दुसऱ्या मोसमानंतर बंदी आपोआप संपली. बाबीकाका परत लिंबाचं ताट घेऊन आत आले, जणू कालपर्यंत तिथेच होते. कोणाला काही विचारलं नाही. आणि लोक बदलले होते. आता दळवी इतरांना दटावायचा. शिवी देणारा स्वतःहून हात वर करायचा. बाहेरच्या टीमची माणसं आमच्या गाऱ्हाण्याला पलीकडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. घाटकोपरवाल्यांनी तर एकदा आमच्याकडे येऊन उलट गाऱ्हाणं घातलं. त्यांना ते नीट जमलं नाही, त्यांच्या म्होरक्याने मधेच आरती सुरू केली. पण बाबीकाकांनी डोळे पुसले.

दोनेक वर्षांनी ते निवृत्त झाले. निवृत्त होणाऱ्याचे सगळे बिल्ले मोजून परत घ्यायचं काम टाइम ऑफिसचं, म्हणजे माझं. शेवटच्या दिवशी दुपारी ते माझ्या खिडकीशी आले. इतकी वर्षं लोक त्यांच्या खिडकीशी उभे राहायचे, त्या दिवशी ते माझ्या खिडकीशी उभे होते. मागे आणखी तिघे ताटकळत होते. त्यांनी नऊ बिल्ले ठेवले. मग दहावा ठेवला, तो इतरांपेक्षा काळवंडलेला. खुंटीवरून कधी न उतरलेला. आणि त्याच्या शेजारी एक पाऊण इंची नट. हिरवा ठिपका झिजून नखाएवढा राहिला होता.

“झिला,” ते म्हणाले. मला झिला, म्हणजे पोरा, असं त्यांनी तोपर्यंत कधी म्हटलं नव्हतं. “ह्यो अकरावो. धा तुझ्याकडे आसतीत. आता पुरे झाले.”

मग ते थांबले. हात खिडकीच्या फळीवर, डोळे अर्धवट मिटलेले. हे थांबणं मला चांगलं ओळखीचं होतं. गाऱ्हाण्यात एक वाक्य संपलं की ते असेच थांबायचे, मागच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं म्हणून.

मी रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. म्हटलं, “इथे सही करा, बाबीकाका.”

त्यांनी सही केली.

त्यानंतर आमची पत्रं चालायची. मी आंब्याची चौकशी करायचो, ते टीमची. त्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘चूकभूल पोटात घालावी’ असायचं. मी उत्तरात ‘कळावे’ लिहायचो. दहा-बारा वर्षांनी धीर करून त्यांच्या गावी गेलो. चार दिवस आधीपासून वाक्य पाठ करत होतो. अंगणात सगळं घर जमलं होतं, बायको, मुली, जावई, शेजारपाजार. मुंबईचे टायमसाहेब आले म्हणून. बाबीकाका खाटेवर बसले होते, खूप वाळलेले. आणि त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. मुलगी म्हणाली, मोठ्याने बोला, ओरडूनच बोलावं लागतं.

ही गोष्ट मला हळू सांगायची होती. मैदानावर डबा बडवत काय वाटेल ते ओरडणारा मी, त्या अंगणात माझा आवाज कानाशी वाकूनही फुटेना. शेवटी म्हटलं, “बाबीकाका, तो नट...”

“नट?” ते म्हणाले. “खयचो नट? दशावतारातलो?”

सगळं अंगण हसलं. मीही हसलो. मग त्यांनी गावच्या दशावतारात बाईचं काम करणाऱ्या कुठल्याशा नटाची गोष्ट सांगितली, आणि मी ती शेवटपर्यंत, मान डोलवत, ऐकून घेतली. त्यांना खरंच ऐकू गेलं नव्हतं की अंगणभर माणसांसमोर त्यांनी मला पुन्हा एकदा वाचवलं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. पुढच्या वर्षी मुलीचं पत्र आलं, ते गेल्याचं.

जोसेफलाही मी कधी भेटलो नाही. तो मुलाकडे परदेशी गेला असं दळवी म्हणाला होता. आता दळवीही नाही.

डबा अजून माळ्यावर आहे. आत अकरा नट पुरे आहेत. परवा सुनेने साफसफाईला खाली काढला तेव्हा तो वाजला. तिने विचारलं, “बाबा, हे कोणाचं?” तिने सहज विचारलं होतं. मी म्हटलं, असेल कोणाचं तरी, ठेव वर.

ती आत गेल्यावर मी पाठ केलेलं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. तीनच शब्दांचं आहे, तेव्हाही एवढंच होतं.

बाबीकाका, बिल्ला माझा.